मूल नकळत घराबाहेर जाते? यंत्र घेण्यापूर्वी हा हिशेब करा

कुसगावसारख्या गावात पुढे दुकान आणि मागे घर अशी मांडणी बऱ्याच ठिकाणी असते. गिऱ्हाईक आले, आपण मोजमापात गुंतलो आणि मूल केव्हा बाहेर पडले ते कळलेच नाही, असे व्हायला दोन मिनिटे पुरतात. स्वमग्न मुलांमध्ये ही सवय अधिक दिसते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चार वर्षांवरील जवळपास निम्म्या स्वमग्न मुलांनी एकदा तरी असे निघून जाण्याचा प्रयत्न केल्याचे आढळले. आपल्या भागात तर द्रुतगती मार्ग, लोहमार्ग आणि भुशी-वळवणची धरणे आहेत. तेव्हा मुलाचे ठिकाण सांगणारे यंत्र घेताना मालासारखीच पारख करावी.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिला म्हणजे ब्लूटूथची छोटी चकती. ती स्वस्त पडते, तिला सिम लागत नाही. पण तिला स्वतःचे ठिकाण कळत नाही. जवळून कोणाचा तरी योग्य फोन गेला तरच खबर मिळते. मुंबईच्या गर्दीत ती चालेल, शेताच्या बांधावर भरवसा नाही. अॅपलनेही आपली चकती वस्तूंसाठी आहे, माणसांसाठी नाही, असे सांगितले आहे. शिवाय तिच्यातील बटणासारखा सेल मुलाने गिळल्यास जिवावर बेतते.

दुसरा प्रकार सिम असलेल्या जीपीएस यंत्राचा. आपल्याकडे हाच घ्यावा. मात्र दुकानदाराला चार प्रश्न विचारावेत. यंत्र फोर-जी आहे काय? टू-जी यंत्रात जिओचे सिम चालत नाही. ठिकाण किती मिनिटांनी कळवते? तासाला चार किलोमीटर चालणारे मूल दहा मिनिटांत सुमारे ६५० मीटर जाते. तसे वारंवार कळवत राहिल्यास बॅटरी किती तास टिकते? आणि वर्षभराचे रिचार्ज धरून एकूण खर्च किती? पत्र्याखाली आणि इमारतीत जीपीएस चुकते, म्हणून घर, कारखाना, मशीद आणि रस्ता अशा चारही जागी चाचणी घ्यावी. पसंत न पडल्यास परत घेण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी.

यंत्र घ्या अथवा न घ्या, मुलाच्या अंगावर आपला मोबाइल नंबर असलाच पाहिजे. एप्रिल २०२४ मध्ये वरळीहून हरवलेला एक विशेष मुलगा कुलाब्यात सापडला. त्याच्या गळ्यात ‘प्रोजेक्ट चेतना’चे क्यूआर लॉकेट होते. पोलिसांनी ते तपासले आणि काही तासांत मुलगा घरी पोहोचला. नंबर कोरलेली पितळी पट्टी तर आपल्यातलाच कारागीर करून देईल; ज्याला गळ्यातले सहन होत नाही त्याच्या कुर्त्याला शिंपीभाई आतून कप्पा शिवून देतील.

दाराला मुलाचा हात पोहोचणार नाही अशी कडी लावा, शेजारच्या दुकानदारांना मुलाची ओळख करून द्या. मूल दिसेनासे झाल्यास आधी पाणी आणि रस्ता पाहा, त्याच वेळी ११२ किंवा १०९८ वर फोन करा. दुआ तर करावीच, पण तदबीर आधी करावी.