जुन्या टेपरेकॉर्डरमधील नकोसा आवाज : कारणे व उपाय

माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथील कोरड्या हवेत उडणारी धूळ कपाटातही शिरते. शाळेच्या वा गावकऱ्यांच्या संग्रही असलेल्या जुन्या कॅसेटवर गजीनृत्याची गाणी किंवा जात्यावरच्या ओव्या मुद्रित असतील, तर त्या गाणाऱ्यांपैकी काहींचा आवाज आज केवळ त्या फितीवरच उरलेला असेल. म्हणून सदोष यंत्रात अशी एकमेव कॅसेट कदापि घालू नये. परीक्षेसाठी एखादी बिनमोलाची कॅसेट घ्यावी.

प्रथम दोष कोठे आहे ते ठरवावे. एका कॅसेटमध्ये खरखर येते व दुसरीत येत नाही, तर दोष फितीचा. सर्व कॅसेटमध्ये येते, तर दोष यंत्राचा. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. दोन बदलल्यास कारण हाती लागत नाही.

यानंतर आवाजाचा प्रकार ओळखावा.

१. घुमणारा आवाज : यंत्र विजेऐवजी बॅटरीवर चालवावे. घुमणे थांबल्यास दोष वीजपुरवठ्याच्या भागात आहे. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असते. तिची स्पंदने गाळणारा कपॅसिटर निकामी झाला की ती ध्वनिवर्धकातून ऐकू येतात. हे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे.

२. बटण फिरविताना करकर : आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणात धूळ बसली आहे. यंत्र बंद ठेवून बटण दोन्ही टोकांपर्यंत दहा-पंधरा वेळा फिरवावे.

३. दबलेला स्वर व फसफस : फितीवरील लोहभस्माचा तपकिरी थर हेडवर साचतो. त्यामुळे फीत हेडला नीट चिकटत नाही व बारीक स्वर हरवतात. वायर काढून, काडीला गुंडाळलेल्या कापसावर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड हलक्या हाताने पुसावे व वाळू द्यावे. रॉकेल वा तेल वापरू नये. लोखंडी अवजार हेडजवळ नेऊ नये. हेड चुंबकित झाल्यास फसफस वाढते. किंचित फसफस मात्र फितीच्या चुंबकीय कणांमुळे नेहमीच राहते. तो बिघाड नव्हे.

४. डळमळणारा स्वर : फीत सेकंदास ४.७६ सेंटिमीटर या समगतीने सरकली पाहिजे. रबरी पट्टा सैल पडला किंवा रबरी चाकी मळली की गती बिघडते. चाकी ओलसर फडक्याने पुसावी. पट्टा बदलून घ्यावा.

५. कॅसेटमधून कुरकुर : फीत एकदा पूर्ण पुढे व पूर्ण मागे गुंडाळावी. फीत यंत्रात गुंतू लागल्यास तत्काळ थांबवावे, ओढू नये.

यंत्र निर्दोष झाल्यावरच मौल्यवान कॅसेट हाती घ्यावी. तत्पूर्वी तिच्या पाठीमागील कडेची दोन्ही प्लॅस्टिकची पाकळी मोडून टाकावी, म्हणजे चुकून त्यावर नवे मुद्रण होणार नाही. मग ती पहिल्याच वेळी वाजविताना संगणकावर वा मोबाइलवर तिची प्रत करून ठेवावी, आणि गाणाऱ्याचे नाव, गाव व मुद्रणाचे वर्ष ज्ञात असल्यास प्रतीसोबत नोंदवावे.