साताऱ्याहून सांगलीला : झटपट वाट कोणती?

दोस्तांनो, समजा तुम्ही साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर उभे आहात आणि मामाकडे सांगलीला जायचंय. कुठून जाल? "त्यात काय, कराडवरून!" तुम्ही पटकन म्हणाल. पण कॉम्प्युटरला ना कराड ठाऊक, ना मामा! त्याला वाट शोधायला शिकवायचं कसं?

कागद-पेन्सिल घ्या. गावांसाठी ठिपके काढा, रस्त्यांसाठी रेघा. ठिपक्या-रेघांच्या अशा जाळ्याला गणितात 'ग्राफ' म्हणतात. आता रेघांवर मिनिटं लिहा. (आकडे फक्त खेळापुरते हं!)

सातारा–रहिमतपूर ४५
सातारा–कराड ६०
रहिमतपूर–विटा ८०
कराड–विटा ५५
कराड–पेठ नाका ४०
पेठ नाका–सांगली ५५
विटा–सांगली ७५

सहाच ठिपके आहेत, तेव्हा सगळ्या वाटा मोजता येतील. पण शेकडो गावं असली, तर वाटा इतक्या होतात की मोजता मोजता जन्म सरेल!

१९५६ साली ॲमस्टरडॅममध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा हा तरुण शास्त्रज्ञ आपल्या होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमला आणि कॉफी प्यायला बसला. तिथंच, कागद-पेन्सिलीशिवाय, वीस मिनिटांत त्याला युक्ती सुचली! १९५९ साली ती छापून आली.

युक्ती अशी : जिथं सगळ्यात लवकर पोचता येतं, त्या गावाची वेळ आधी पक्की करा. तिथून पुढच्या गावांच्या वेळा लिहा. कमी वेळ सापडली, तर जुना आकडा खोडा. मग उरलेल्यांतलं सगळ्यात लवकरचं गाव घ्या.

करूया? रहिमतपूर ४५, पक्कं. तिथून विटा १२५. मग कराड ६०, पक्कं. इथून पेठ नाका १००, आणि विटा तर ११५च! १२५ खोडा. पुढे पेठ नाक्यावरून सांगली १५५. विट्यावरून १९० होतात, म्हणून १५५च बरोबर.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली परिसरातले कितीतरी रस्ते पाण्याखाली गेले होते. समजा, पेठ नाका–सांगली रस्ता असाच बंद झाला. ती रेघ पुसा, पुन्हा मोजा. आता विट्यावरून १९०. औषधं घेऊन निघालेल्या गाडीला हे चटकन कळणं किती मोलाचं!

या युक्तीत दर वेळी 'सगळ्यात लवकरचं' गाव निवडावं लागतं. म्हणजे गावांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केल्यासारखंच, आणि रांग लावायलाही वेळ लागतो. यापेक्षा वेगात जमणारच नाही, असं अनेक तज्ज्ञांना वाटे. पण २०२५ साली चीनच्या छिंगह्वा विद्यापीठातले रान दुआन आणि त्यांचे चार सहकारी यांनी दाखवून दिलं, की पूर्ण रांग लावायची गरजच नाही! गावांचे गट करून त्यांतली मोजकी महत्त्वाची गावं निवडली, की प्रचंड मोठ्या जाळ्यात काम कमी पायऱ्यांत होतं. हा विजय कागदावरच्या सिद्धतेचा आहे. त्यामुळे मोबाइलवरचा नकाशा उद्याच जोरात पळू लागेल, असं नाही. पण इतकी वर्षं 'एवढंच शक्य' वाटणारी गोष्ट कुणीतरी पुन्हा तपासून पाहिली, हे महत्त्वाचं.

आता तुमची पाळी! पेठ नाका–सांगली रस्ता बंदच आहे आणि कराड–विटा रस्त्याला ५५ ऐवजी ७० मिनिटं लागतात. कोणत्या वाटेनं जाल?

(उत्तर : रहिमतपूर, विटा, सांगली, २०० मिनिटं.)