पाणी गिळणारे पठार आणि परतलेली गिधाडे

पाऊस पडूनही तहानलेली राहणारी भूमी असू शकते काय? दक्षिण फ्रान्समधील ‘ग्राँ कोस’ ही चुनखडीची पठारे पाहिली म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० ते १२०० मीटर उंचीवरील या माळांवर पावसाचे पाणी ठरत नाही. खडकांच्या भेगांतून ते पाताळात उतरते आणि तार्न, जोंत या नद्यांच्या खोल दऱ्यांत झऱ्यांच्या रूपाने प्रकट होते. वर उरतात ते दगडधोंडे, खुरटे गवत आणि वारा.

तथापि या उजाड भूमीवर मेंढपाळांनी शतकानुशतके संसार केला. कळपांसाठी त्यांनी दगड बसवून उथळ, वाटोळी तळी बांधली. येथील काटेरी ‘कार्दाबेल’ फूल ते दारावर ठोकीत. हवा दमट झाली की ते मिटे, कोरडी झाली की उमले. मेंढ्यांच्या दुधाचे प्रसिद्ध रोकफोर चीज चुनखडीच्याच गार गुहांत मुरते. या मेंढपाळी जीवनाची दखल घेऊन युनेस्कोने २०११ साली हा प्रदेश जागतिक वारसा म्हणून मान्य केला.

मेलेल्या मेंढीची विल्हेवाट पूर्वी गिधाडे लावीत. परंतु बंदुका व विषारी आमिषे यांनी १९४०च्या दशकापर्यंत ती येथून नाहीशी झाली. पुढे काही पक्षिप्रेमींनी गावकऱ्यांची समजूत घातली आणि १९८१ पासून जोंतच्या दरीत पाळलेली प्रौढ गिधाडे मोकळी सोडली. आज तेथे शेकडो जोड्या नांदतात. मेंढपाळ परवानगी घेऊन मृत जनावर ठरलेल्या जागी ठेवतात. गिधाडे माळ स्वच्छ करतात.

वाचकहो, ही कथा परदेशातील असली तरी आपल्या गोठ्यापर्यंत पोहोचते. १९९०च्या दशकापासून भारतातील गिधाडे झपाट्याने नष्ट झाली. दुखणाईत गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे औषध त्यास मुख्यतः कारण झाले. असे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. गिधाडांना निर्धोक असे मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे. गाय आजारी पडली तर डॉक्टरांना औषधाचे नाव अवश्य विचारावे. फ्रान्समधील मेंढपाळांनी गेलेला पक्षी परत आणविला. आपल्याला उरलेला तरी राखता येईल.