अजून न चालणाऱ्या यंत्रासाठी

बँकेत कर्जाचा अर्ज आला की त्याच्यासोबत ‘प्रोजेक्ट रिपोर्ट’ लागतो. यंत्र कोणतं, किंमत काय, माल किती निघणार, तो घेणार कोण, हप्ता कधीपासून सुरू होणार... सगळी उत्तरं यंत्र विकत घेण्याच्या आधीच द्यायची. माझी नोकरीची वर्षं असे रिपोर्ट वाचण्यात गेली आणि त्यात गैर काही नाही. पैसा ठेवीदारांचा असतो; तो देताना चार प्रश्न विचारायलाच हवेत. पण निवृत्तीनंतर एक प्रश्न मला वारंवार पडत आला आहे. एखाद्याच्या डोक्यात अशी वस्तू घोळत असेल की ती पूर्ण झाल्यावर नेमकं काय होईल हे त्याचं त्यालाही ठाऊक नाही, तर त्यानं कुणाचं दार ठोठवावं?

असं एक दार सॅन फ्रान्सिस्कोला आहे. त्याचं नाव ‘एक्सप्लोरेटोरियम’. मुलाकडे किंवा मुलीकडे कॅलिफोर्नियाला गेलेले आपल्याकडचे कितीतरी आजी-आजोबा नातवंडांचं बोट धरून तिथं जाऊन आले असतील. दिसायला ते विज्ञानाचं संग्रहालय; पण तिथं ‘हात लावू नये’ अशी पाटी नाही. उलट हात लावला नाही तर काही दिसतच नाही!

ते उभारलं फ्रँक ओपनहायमर यांनी. अणुबॉम्बच्या संदर्भात ज्यांचं नाव आपण ऐकतो त्या रॉबर्ट ओपनहायमर यांचे हे धाकटे भाऊ. स्वतः पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. पूर्वी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते म्हणून १९४९ मध्ये त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली. मग कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात जवळजवळ दहा वर्षं गुरं पाळली, तिथल्याच लहान गावातल्या शाळेत विज्ञान शिकवलं. पुढं १९६९ मध्ये, १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या एका भव्य इमारतीत त्यांनी हे संग्रहालय उघडलं. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचा सगळा पसारा त्यांनी पडद्याआड न ठेवता लोकांच्या डोळ्यांसमोर मांडला. वस्तू कशी घडते, कशी बिघडते, हेही लोकांना दिसावं म्हणून.

शास्त्रज्ञ आणि कलावंत दोघेही मुळात निरखणारे, अशी त्यांची धारणा होती. म्हणून १९७४ पासून तिथं निवासी कलावंतांची रीतसर योजना सुरू झाली. कलावंतानं काही काळ तिथं येऊन राहावं, त्याला मानधन, वर्कशॉप आणि कसबी कारागिरांची मदत मिळावी, आणि त्यानं हलणारी, वाजणारी, माणसाच्या स्पर्शाला उत्तर देणारी वस्तू करून पाहावी. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचंच. अर्धवट झालेली वस्तूच प्रेक्षकांपुढं ठेवायची. पोरं ती ओढतात, ढकलतात, भलतीकडूनच फिरवतात. दांडी तुटते. कलावंत ते पाहतो आणि पुन्हा वर्कशॉपमध्ये जातो.

बॉब मिलर या कलावंताचं ‘सन पेंटिंग’ हे तिथल्या सुरुवातीच्या काळातलं काम. छपरावरच्या आरशांनी ऊन आत आणायचं, लोलकांतून त्याचे रंग वेगळे करायचे आणि पडद्यावर पाडायचे. माणूस मधे आला की सावलीबरोबर चित्रही बदलतं. आभाळ भरून आलं तर त्या दिवशी चित्रच नाही! नेड कान यांनी धुक्याचं वावटळ उभं केलं. त्यात हात घातला की ते मोडतं आणि हात काढला की पुन्हा उभं राहतं.

आणखी एक उदाहरण सांगतो. पीटर रिचर्ड्स या निवासी कलावंताला समुद्राच्या लाटांकडून वाद्य वाजवून घ्यायचं होतं. १९८० मध्ये आखणीसाठी अनुदान मिळालं, पुढं नमुने करून लोकांना ऐकवले गेले, आणि खाडीतल्या धक्क्यावर ‘वेव्ह ऑर्गन’ पुरं झालं ते १९८६ मध्ये. एका मोडलेल्या दफनभूमीचे ग्रॅनाइट आणि संगमरवराचे दगड जॉर्ज गोन्झालेस यांनी रचले आणि त्यांत पंचवीस नळ्या बसवल्या. भरती आली की पाणी त्या नळ्यांत शिरतं आणि गुरगुरतं, उसासतं. सहा वर्षं! कुठल्या रिपोर्टात ‘अपेक्षित उत्पादन : समुद्राचा उसासा’ असं लिहिता आलं असतं? ओपनहायमर मात्र ते ऐकायला राहिले नाहीत. १९८५ मध्ये ते गेले. ते वाद्य त्यांच्याच स्मृतीला अर्पण केलेलं आहे.

मग पैशाचा हिशेब कसा मागायचा? माझ्यातला बँकवाला हे विचारल्याशिवाय राहत नाही. या संस्थेनं त्यालाही उत्तर दिलं आहे. निकालाची हमी मागता येत नसेल तर उघडेपणाची मागावी. काम सर्वांसमोर चालू दे, आणि जे जमलं त्याची कृती लिहून ठेव. त्यांनी आपल्या प्रदर्शनवस्तूंच्या कृती ‘कुकबुक’ नावानं तीन खंडांत छापल्या. अनारशांची कृती द्यावी तशा, मापासकट! कुणीही वाचावं आणि आपल्या गावी करून पाहावं.

हे वाचून मला आपले गणपतीतले हलते देखावे आठवतात. मान डोलावणारा हत्ती, तलवार उगारणारा मावळा. पडद्यामागं मोटर, पुली, पट्टे, दोऱ्या. मूर्तिकार आणि वायरमन रात्र रात्र जागून ते जमवतात. आपल्या हातात ही कला आहेच. पण उत्सवाला तारीख असते, त्यामुळं नवं करून पाहायला सवड नाही. जे हमखास चालतं तेच करावं लागतं. चतुर्दशी झाली की देखावा उतरतो. हत्तीची मान इतक्या हळू कशी हलवली, हे ज्याच्या हातात आहे त्याच्याबरोबरच एक दिवस निघून जाईल.

कृती लिहून वाटण्याची रीत आपल्याला नवी नाही. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली आणि त्यांच्या कृती सगळ्या जगाला फुकट दिल्या. तेच देखाव्यांच्या बाबतीत का होऊ नये? एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचं वर्कशॉप उन्हाळ्याच्या सुट्टीत मोकळं असतं. एखाद्या मोठ्या मंडळाकडं वर्गणीतून शिल्लक उरते. अशा एका कारागिराला तीन महिने तिथं जागा द्यावी, मानधन द्यावं, शेजारी दोन विद्यार्थी बसवावेत आणि दार उघडं ठेवावं. हत्ती चाललाच पाहिजे अशी अट घालू नये. अट एकच घालावी : काय चाललं आणि काय चाललं नाही, ते शेवटी एका वहीत उतरवून द्यावं.