शिळावर्तुळांतले लोखंड

नागपूरहून काटोल रस्त्याने निघाले की जुनापाणी आणि माहुरझरीच्या माळावर काळ्या दगडांची मोठमोठी वर्तुळे दिसतात. ही अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची दफने. मृतासोबत काळी-तांबडी मडकी ठेवलेली असतात. पण मला थांबवते ते लोखंड. कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, घोड्याचे लगाम. काही कुऱ्हाडींना दांडा घट्ट आवळून धरणारे आडवे लोखंडी पट्टेही आहेत. टाकळघाट-खापा, माहुरझरी इथे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी उत्खनने केली तेव्हा असे कितीतरी नमुने हाती आले. त्याच्या शतकभर आधी, 1863 मध्ये, टाकळघाटचीच वर्तुळे पाहून परतताना नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप नदीच्या पुरात वाहून गेले.

एवढे लोखंड मातीत का घातले? कारण ठामपणे सांगता येत नाही, पण त्याची किंमत कळू शकते. ती कळते पारशिवनी तालुक्यातल्या नायकुंडला. पेंच नदीकाठच्या या वस्तीत देव आणि अ. प्र. जामखेडकर यांना 1978 ते 1980 च्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. सोबत भात्याच्या मातीच्या नळ्या आणि लोहमळ.

लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस लागतात. कोळशाच्या अशा लहान भट्टीत साधारण 1200 अंशांच्या आसपासच काम चालायचे. म्हणजे लोखंड पातळ होतच नव्हते. अर्धवट जळलेल्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातला प्राणवायू ओढून घेई, दगडमाती मळ होऊन वाहून जाई आणि मागे स्पंजासारखा सच्छिद्र गोळा उरे. तो पुन्हा पुन्हा तापवून घणाखाली बडवायचा, आतला मळ बाहेर काढायचा, तेव्हा कुठे कुऱ्हाडीपुरते लोखंड मिळे. त्यापायी किती झाडे जळली असतील आणि भाता ओढून किती हात भरून आले असतील! हे सगळे ठाऊक असलेल्या माणसांनीच ती कुऱ्हाड मृताच्या शेजारी ठेवली. ही उधळपट्टी होती असे मला मुळीच वाटत नाही. आपल्याजवळचे सर्वांत कष्टाचे तेच त्यांनी दिले.

पश्चिम आफ्रिकेत लोखंडाच्या या मोलाला बोलता साक्षीदार आहे. नायजेरियातल्या योरुबा लोकांत ओगुन हा लोखंडाचा देव आणि लोहारांचा पाठीराखा. तिथले लोहार वनौषधी जाणणाऱ्या वैद्यांसाठी लोखंडी दंड घडवतात: मधोमध उंच पक्षी, भोवती लहान पक्ष्यांचे कडे. त्याचा अर्थ घडवणाऱ्यालाच विचारता येतो. विदर्भातल्या त्या लोहाराचे नावही उरलेले नाही. त्याचे म्हणणे आपल्याला लोहमळातून आणि पात्याच्या धारेतूनच वाचावे लागते. म्हणून दफनांइतकेच लक्ष आता वस्त्यांकडे आणि त्यांतल्या भट्ट्यांकडे जायला हवे. नागपूर चहूबाजूंनी पसरते आहे, आणि वर्तुळ निदान दगडांमुळे ओळखू येते. जमिनीखालची भट्टी नांगराला किंवा जेसीबीला दिसत नाही.