आधी अभ्यास, मग ठराव

निर्णय लांबला की आपण त्याला ‘विचार चालू आहे’ असे भारदस्त नाव देतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गोंडांच्या गावात मात्र विचार खरोखरच चालतो. अभ्यासगटात मनसोक्त चर्चा करायची; ठराव ग्रामसभेचा, तोही बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने. एकाचे जरी अडले, तरी थांबायचे! वेळ जातो खरा. पण एकदा ठरले की मागून कुरकुरायला कोणी उरत नाही.

२००९ मध्ये या गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकायचा, तर वाहतुकीचा परवाना हवा. त्या परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले २७ एप्रिल २०११ रोजी, केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा! मधल्या काळात, वाचकहो, विचार गाव करीत नव्हते. कचेरी करीत होती.