कॅमेरा घ्यायचाय? आधी फोटो ठरवा, मग मॉडेल

"कोणता कॅमेरा घेऊ?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एका मॉडेलचं नाव हवं असतं. मी मात्र उलट तीन प्रश्न विचारतो. फोटो कशाचे काढणार? तिथे उजेड किती असणार? आणि तो फोटो शेवटी कुठे दिसणार? ही उत्तरं मिळाली की बाजारातले बरेचसे कॅमेरे आपोआप यादीतून गळतात.

सध्या माझा भाचा याच विचारात आहे. तो सांगलीत राहतो. लग्नाच्या फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू करायचाय आणि त्यासाठी पतसंस्थेचं दीड लाखाचं कर्ज मंजूर झालंय. हप्ता लगेच सुरू होणार, म्हणजे पहिल्याच लगीनसराईत कॅमेऱ्याने कमवायला हवं. त्याचंच उदाहरण घेऊन बोलू. तुमची गरज वेगळी असली तरी विचार करायची पद्धत तीच.

फोन पुरेल का?

भरपूर उजेड आणि स्थिर विषय असेल तर बहुतेकांना आजचा चांगला फोन पुरतो. घरगुती फोटो, प्रवास, व्हॉट्सअॅपवर पाठवायचे फोटो यासाठी उगाच खर्च करू नका. फोन अंधारात अनेक फ्रेम एकावर एक रचून चांगला फोटो तयार करतो, पण समोरचा माणूस हलत असेल तर ही युक्ती कमी पडते. लग्नात सगळेच हलत असतात. शिवाय लांबचं जवळ आणताना फोनला मर्यादा येते.

मेगापिक्सेल किती हवेत?

इथे साधं गणित करा. फोरके टीव्हीवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. म्हणजे पूर्ण पडदा भरायला साधारण ८ मेगापिक्सेल पुरतात. आता अल्बमचं १२ बाय १८ इंची पान घ्या. इंचाला ३०० ठिपके या दर्जाने छापायचं तर ३६०० गुणिले ५४००, म्हणजे जवळपास १ कोटी ९४ लाख पिक्सेल लागतात. थोडक्यात, २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा लग्नाच्या अल्बमलाही पुरून उरतो. त्याहून जास्त मेगापिक्सेलसाठी पैसे मोजायचे तर नंतर खूप क्रॉप करायचंय किंवा मोठे बॅनर छापायचेत, असं काहीतरी ठोस कारण हवं.

सेन्सरचा आकार

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर असतो. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने फुल फ्रेमच्या निम्म्याहून कमी. शटर आणि अॅपर्चर सारखंच ठेवलं तर मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश जास्त पडतो आणि अंधारातल्या फोटोत दाणेदारपणा कमी दिसतो. पण फुल फ्रेमच्या लेन्स सहसा महाग आणि जड असतात. सगळे पैसे बॉडीत गेले आणि लेन्ससाठी काहीच उरलं नाही, तर मोठ्या सेन्सरचा फायदा हातात येतच नाही.

खरी गंमत लेन्समध्ये

नवख्यांचे पैसे बहुतेक वेळा बॉडीवर जातात आणि लेन्स मात्र सोबत आलेली वापरली जाते. ही १८-५५ लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटरची साधी एफ १.८ लेन्स त्याच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते. याचा अर्थ काय? मंगल कार्यालयात पहिल्या लेन्सने जिथे सेकंदाचा विसावा भाग शटर उघडं ठेवावं लागतं, तिथे दुसरीने दोनशेवा भाग पुरतो. अंतरपाट दूर होताना नवरीचा चेहरा स्पष्ट येणार की पुसट, हे या फरकावर ठरतं.

"बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे ना?" असं भाच्याने विचारलं. ते आपला हात हलल्याचा परिणाम कमी करतं. समोरच्याचा हात हलला तर त्याचा काही उपयोग नाही.

ज्या गोष्टी जाहिरातीत मोठ्या अक्षरात नसतात

लग्नाचं काम घेणाऱ्याने मेमरी कार्डचे दोन स्लॉट असलेली बॉडीच बघावी. प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर जातो. एक कार्ड बिघडलं तरी काम वाचतं. सप्तपदी पुन्हा घालायला कोणी सांगू शकत नाही!

दुसरी गोष्ट अँटी-फ्लिकरची. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि बरेच एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण वेगवान शटरला फोटोत पट्टे दिसू शकतात. ही सोय असेल तर कॅमेरा उजेडाचा क्षण साधून शटर उघडतो.

डीएसएलआर की मिररलेस?

कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. नवीन लेन्स आणि नवं तंत्रज्ञान मिररलेसमध्येच येतंय. डोळ्यावर फोकस धरून ठेवणं आणि व्हिडिओ यात मिररलेस पुढे आहे. पण म्हणून डीएसएलआरचे फोटो वाईट झालेले नाहीत. बजेट कमी असेल तर वापरलेला चांगला डीएसएलआर हा शहाणपणाचा पर्याय आहे.

भाच्याला मी अशी वाटणी सुचवली: दोन स्लॉटच्या वापरलेल्या बॉडीला ७५ हजार, लेन्सना ४५ हजार, फ्लॅशला १५ हजार आणि बॅटऱ्या, कार्डांना १५ हजार. निम्म्याहून जास्त पैसे बॉडीत घालायचे नाहीत.

तुमची गरज वेगळी असेल तर

- पक्षी: भिगवणला फ्लेमिंगो टिपायचे असतील तर एपीएस-सी फायद्याचा ठरतो. त्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरच्या साधारण ४५० सारखं दृश्य देते. उडत्या पक्ष्यासाठी वेगवान फोकस हवा.
- कीर्तन, व्याख्यानाचं रेकॉर्डिंग: अनेक जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात. ही मर्यादा आणि माइक जोडायची सोय आधी तपासा.
- घर आणि सहली: छोटा, हलका कॅमेरा घ्या. जड कॅमेरा दोन सहलींनंतर कपाटातच राहतो.
- कोकणात राहत असाल तर: दमट हवेत लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल यांचा खर्च पहिल्याच दिवशी धरा.

पैसे देण्याआधी

मनात भरलेला कॅमेरा एका शनिवार-रविवारसाठी भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत आणि इतर मोठ्या शहरांत ही सोय आहे. हातात पकड बसते का, मेनू समजतो का, बॅटरी किती टिकते, हे कोणत्याही रिव्ह्यूपेक्षा दोन दिवसांत जास्त कळतं. वापरलेला घेताना शटर किती वेळा उडालंय ते विचारा आणि लेन्समधून टॉर्च मारून आत बुरशीचं जाळं नाही ना ते बघा. नवीन घेताना कंपनीची भारतातली वॉरंटी आणि पक्कं बिल नसेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.

आणि दुकानात जाताना मॉडेलचं नाव नाही, तर त्या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून न्या. मग विक्रेता काय खपवायचंय ते सांगू लागला, तरी तुम्हाला काय हवंय ते तुमच्या खिशात असेल.